सातवं वचन वाचलं, आठवं राहिलं

दुय्यम निबंधक कार्यालयातलं ते यंत्र आत्याचा अंगठा घेईना. ऑपरेटर पोरगा वैतागून म्हणाला, "मावशी, बोट पुसा नीट." तिने पदराला पुसलं, पुन्हा ठेवलं. नाही. मग तर्जनी, मग डावा अंगठा. सत्तरीच्या बाईच्या बोटांवर रेषा उरतात कुठे? केळी, पानवेली, भाजीचे वाफे, म्हशींचं शेणपाणी यांत त्या झिजून जातात. झीज बरीचशी सासरची, पण सुरुवात आमच्या वाडीतली. लग्न होईपर्यंत ती तिथेच राबली होती. शेवटी कुठलंतरी एक बोट लागलं, कॅमेऱ्याने फोटो काढला, आणि त्या वाडीवरचा तिचा हक्क सुटला. दस्ताचं नाव हक्कसोडपत्र. कारणाच्या जागी छापील भाषेत लिहिलं होतं: नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, राजीखुशीने.

बाहेर आल्यावर वडिलांनी तिन्ही आत्यांना जेवायला नेलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता, म्हणून त्यांनी आवर्जून शाकाहारी हॉटेल निवडलं. मटणाचा वास असलेल्या ठिकाणी बहिणींना नेणं त्यांच्या मनाला पटेना. घरी आल्यावर आईने तिघींना साड्या दिल्या. रविवारी सगळे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, होते. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या, आणि वडिलांनी मागे वळून तिसऱ्या बाकावरच्या बहिणीला हात जोडले. तिनेही जोडले.

वडील लबाड नव्हते. गावात त्यांना मान होता. सकाळ-संध्याकाळ रोझरी, दर महिन्याला पापनिवेदन, आजारी शेजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारा माणूस. म्हणून तर हा प्रश्न मला सोडत नाही. शुक्रवारी मांस चालत नाही हे ज्याला आपोआप आठवलं, त्याला त्याच शुक्रवारी बहिणीकडून काय घेतलं हे का आठवलं नाही?

आमच्याकडे ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी आणावी यावर प्रवचनं भरपूर होतात. रागावर ताबा ठेवा, नवरा-बायकोने संवाद ठेवा, मोबाईल बाजूला ठेवून एकत्र प्रार्थना करा, क्षमा करा. यातलं काहीच चूक नाही. पण नात्यांची खरी कसोटी जिथे लागते, त्या सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत ही प्रवचनं सहसा पोचत नाहीत. वसईत तरी भावाभावांत आणि भावाबहिणींत अबोला धरायला आज जमिनीइतकं मोठं कारण दुसरं नाही. पूर्वी ज्या वाडीत फक्त केळी आणि विड्याची पानं पिकायची, तिच्या गुंठ्यावर आता बिल्डरचा डोळा आहे. आजोबांच्या काळी बहिणीला हिस्सा न देण्याने तिचं फारसं बिघडत नव्हतं, कारण हिश्शाला किंमतच नव्हती. आता आहे.

कायदा काय सांगतो, ते आधी सरळ पाहू. आपल्यातल्या पुष्कळांना तो माहीत नसतो. आणि ज्यांना असतो ते बोलत नाहीत. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. विधवेला एक तृतीयांश. उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. समजा पंधरा गुंठे आहेत, मागे आई, दोन मुलगे आणि तीन मुली. आईला पाच गुंठे, प्रत्येक मुलाला आणि मुलीला दोन-दोन. म्हणजे तिघी बहिणींचे मिळून सहा. "वडिलोपार्जित जमीन मुलग्यांचीच" हे वाक्य आपण शेजारच्या हिंदू घरांकडून उचललं; आपल्या कायद्यात जन्मसिद्ध वडिलोपार्जित हक्क नावाची गोष्टच नाही. आणि गंमत अशी की ज्यांच्याकडून उचललं त्यांच्याकडेही हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीपासून ते राहिलेलं नाही.

हक्कसोड ही काही ख्रिस्ती प्रथा नव्हे. ती अस्सल इथली आहे, उभ्या महाराष्ट्राची आहे. 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षं वसईवर पोर्तुगीज होते. त्या काळात आमच्या पूर्वजांनी नावं बदलली, प्रार्थना बदलल्या, घरातला देव्हारा जाऊन तिथे क्रूस आला. पण वाडी कोणाच्या नावावर राहायची, याला कोणी हात लावला नाही. जमिनीचा बाप्तिस्मा राहूनच गेला, असं मी कधी कधी चेष्टेने म्हणतो. घरातल्यांना ही चेष्टा आवडत नाही.

केरळात गोष्ट याहून उघड होती. तिथल्या जुन्या त्रावणकोर संस्थानाचा 1916चा ख्रिस्ती वारसा कायदा मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते द्यायचा. मेरी रॉय या बाईंनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि 1986 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला: तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही 1925चाच कायदा लागू. त्या निकालाला विरोध करणाऱ्यांत तिथल्या काही चर्चची पुढारी मंडळीही होती. कुटुंबं फुटतील, कोर्टकचेऱ्या वाढतील, ही त्यांची भीती. ही भीती मराठीतही तशीच ऐकायला मिळते. कुटुंब टिकवायची जबाबदारी जणू फक्त बहिणीच्या सहीवर आहे.

आता शास्त्राकडे वळू, कारण बहिणीने हिस्सा मागितला की पहिलं तेच काढलं जातं. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, मला माझा वाटा दे. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग लोभापासून सावध राहायला सांगतो. झालं. हे वचन बहिणीच्या तोंडावर फेकलं जातं: बघ, प्रभू स्वतः वाटणीत पडला नाही, आणि मागणं म्हणजे लोभ. पण त्याला लागूनच जो दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, येतो तो कोणाचा आहे? ज्याची जमीन भरभरून पिकली, ज्याने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवलं, त्याचा. ज्याच्या हातात सगळं आहे त्याचा! दाखल्यात मागणारा कुठेच नाही, साठवणारा आहे. लोभाचा इशारा ऐकणाऱ्या सगळ्यांनाच आहे, पण आपण तो फक्त एका बाजूला वाचून दाखवतो.

दुसरं आवडतं वचन पौलाचं, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं. भावाने भावाला कोर्टात खेचू नये. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही? हे सातवं वचन. मला ते आजवर तीनदा ऐकवलं गेलं आहे, तिन्ही वेळा वाटणीच्या बोलण्यात, तिन्ही वेळा ज्याच्याकडे जमीन होती त्याच्या तोंडून. आठवं वचन कोणी वाचलं नाही. त्यात पौल म्हणतो, उलट तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, आणि तेही आपल्याच भावांना. दोन वचनांमध्ये श्वास घेण्याइतकंही अंतर नाही. तरी आम्ही नेमके तिथेच पुस्तक मिटतो.

जिचं गेलं तिला क्षमा शिकवायची, आणि ज्याच्याकडे आलं त्याला परतफेड शिकवायची नाही. माझं सगळं भांडण या ठिकाणी आहे. क्षमा ही अर्धी गोष्ट आहे. कॅथलिक शिकवणुकीत चोरलेलं, नाडून घेतलेलं परत करणं ही पश्चात्तापाची अट आहे, शोभेची जोड नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती आम्हाला शिकवली होती: मित्राची पेन्सिल घेतलीस तर नुसतं पापनिवेदन करून भागत नाही, पेन्सिल परत द्यायची. पेन्सिलीपाशी ती शिकवण थांबली, गुंठ्यापर्यंत आलीच नाही. जक्कयाची गोष्ट बघा. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार म्हणून तो पोरांना आवडतो, चित्रं काढायला लावतात. पण आज या घराला तारण मिळालं, हे येशू कधी म्हणतो? जक्कय आकडे सांगतो त्यानंतर. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं नाडून घेतलं त्याला चौपट. नुसतं "प्रभू, मला वाईट वाटतं" असं म्हणून तो जेवायला बसला नाही.

जुन्या करारात तर मुलींच्या हिश्शाचा खटलाच आहे. सलाफहाद नावाचा माणूस मुलगा नसताना मेला. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशेसमोर, याजकांसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाच्या भावांबरोबर आम्हाला वतन द्या म्हणाल्या. मोशेने देवाला विचारलं. उत्तर आलं, मुली बोलतात ते ठीक आहे. प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं: भाऊ असता तर त्यांना मिळालं नसतं, आणि नंतर त्यांच्यावर आपल्याच वंशात लग्न करायची अट आली. ते त्या काळाचं समाज-व्यवहाराचं माप होतं. पण मागणाऱ्या मुलींना लोभी ठरवलं गेलं नाही, हे महत्त्वाचं. आणि ईयोबाने तर, सात मुलगे असूनही, मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. पुस्तकाच्या अगदी शेवटच्या अध्यायात ते एका ओळीत आहे. ईयोबाच्या सहनशीलतेवर मी ढीगभर प्रवचनं ऐकली. या ओळीवर एकही नाही.

विरोधकांचे मुद्दे मला पाठ आहेत, कारण ते माझ्याच घरात वाढले. बहिणीला लग्नात सोनं घातलं, खर्च केला. केला, खरं आहे. पण भावाच्या लग्नाचा खर्च कोणी त्याच्या हिश्शातून वळता करून घेतला? सोन्याचाही भाव वाढलाय म्हणतात. वाढलाय. आत्याचं सोनं सासरच्या विहिरीवर पंप बसवताना मोडलं गेलं, तेव्हा त्याचा भाव वाढलेला नव्हता.

आणखी एक: जमिनीचे तुकडे होतील, बाहेरचे घुसतील. वसईत या भीतीला वजन आहे. हिरवा पट्टा वाचवायला इथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन लढे दिले, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखे धर्मगुरू त्यात पुढे होते. पण आजवर जी शेतं इमारतींखाली गेली त्यांवर सह्या कोणाच्या होत्या? बहुतेक पुरुषांच्याच. आणि तुकडे नको असतील तर जमीन भावाकडे ठेवून बहिणीच्या वाट्याचे पैसे, हप्त्याहप्त्याने का होईना, देता येतात. वाटणी म्हणजे कुंपण घालणंच असतं, असं थोडंच आहे?

खरा वजनदार मुद्दा एकच आहे: आईबापांना भावाने सांभाळलं. हे मी हलक्यात घेणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दहा वर्षं करणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. त्याचा हिशोब धरायला हवा, आणि बापाला हवं तर त्याने तो मृत्युपत्रात उघडपणे धरावा. पण जरा नीट बघितलं की दिसतं, अंथरूण बदललं, भरवलं, रात्री उठून पाणी दिलं ते सुनेने. भाऊ कामावर होता. आणि त्या सुनेनेही आपल्या माहेरी जाऊन तसल्याच एका यंत्रावर बोट ठेवलेलं असतं. म्हणजे सेवा एका बाईची, तिच्या मोबदल्यात हक्क दुसऱ्या बाईचा, आणि सातबाऱ्यावर नाव दोघींच्या मधल्या माणसाचं. सेवेचा मोबदला खरंच द्यायचा असेल, तर वाडीचा एक तुकडा सुनेच्या नावावर करून बघा. मग किती जण हा मुद्दा काढतात ते मला पाहायचंय.

"ती राजीखुशीने देते" असंही म्हणतात. राजी म्हणजे काय, हे त्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून पाहावं. सही केली नाही तर नाताळाला वडे घेऊन भाऊ येणार नाही, भाचीच्या लग्नात आमंत्रणाचा फोन मुलाकडून येईल, आई वारली की माहेर संपेल. हे कोणी बोलून दाखवत नाही. बोलायची गरजच नसते. जमिनीला पर्याय असतो, माहेराला नसतो. बहीण दोन गुंठे देऊन माहेर विकत घेते, एवढाच तो व्यवहार. मनापासून सोडणाऱ्या बहिणी असतातही, मी नाही म्हणत नाही. पण देणगी द्यायला आधी वस्तू हातात यावी लागते. जिला आपल्या हिश्शाचा आकडाच सांगितला नाही, तिने दिलं काय?

कायद्याने हे सुटणार नाही. बापाने मृत्युपत्र करून सगळं मुलग्यांना लिहून दिलं तर 1925चा कायदा त्याला अडवत नाही. शेजारच्या गोव्यात अडवतो. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेल्या व्यवस्थेत निम्म्या मालमत्तेवर मुलामुलींचा राखीव हक्क असतो, बापाला ती मनाप्रमाणे वाटता येत नाही. (हक्क सोडून देण्याचे दस्त मात्र तिथेही होतात.) इथे महाराष्ट्रात ख्रिस्ती बाप पूर्ण मोकळा आहे. म्हणूनच हा प्रश्न वकिलाइतकाच धर्मगुरूचा आणि पास्टरचा आहे. कायद्याने मोकळं सोडलेल्या जागी माणूस काय करतो, ते पाहून त्याची श्रद्धा कळते.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या सभांमध्ये अभिमानाने घेतलं जातं. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं, दुष्काळातून मुली आणल्या. पण तिथे त्यांनी त्या मुलींना नुसत्या प्रार्थना शिकवल्या नाहीत. शेती, हातमाग, छापखाना असं काहीतरी त्यांच्या हाती दिलं, कारण ज्या बाईच्या हाती काही नाही तिला नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी फार जवळून पाहिलं होतं.

धर्मग्रामांनी, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळींनी, काय करावं? फार नाही. लग्नाआधीच्या शिबिरात कुटुंबनियोजनापासून स्वभाव जुळण्यापर्यंत सगळ्यावर एक-एक तास असतो. एक तास उत्तराधिकारावर ठेवावा, आणि तिथे वर-वधू दोघांनाही विचारावं, तुझ्या बहिणीचा हिस्सा किती, ठाऊक आहे का? मयतानंतर महिन्याच्या मिस्साला सगळी भावंडं एकत्र येतात, आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात सह्यांचं उरकून घेतात, कारण "सगळे आलेच आहात". फादरनी एवढंच सांगावं की वर्षभर कोणाकडून सही घेऊ नका. दुःखातल्या माणसाची सही ही सही नसते. आणि उपवासकाळात मांस सोडण्याबरोबर एकदा सातबारा काढून त्यावर कोणाची नावं नाहीत ते बघायला सांगावं. काही जण दुखावतील, दानपेटीतही फरक पडेल कदाचित.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी दान आणणाऱ्या माणसाला येशू सांगतो, दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे आपल्याला पाठ आहे. पण शब्द नीट पाहिले तर तिथे तुझ्या मनात त्याच्याविषयी काही असेल तर असं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणजे उठून जायचं ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. आत्याने नव्हे. आम्ही.

वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी गेलो. धाकट्या भावाशी बोलून, वहीत हिशोब मांडून: तिघींचे मिळून सहा गुंठे होते, दोन गुंठ्यांची आजची किंमत अमुक, आम्ही दोघं मिळून इतक्या वर्षांत इतके देऊ शकतो. आत्या ओट्यावर चवळीच्या शेंगा निवडत बसली होती. तिने वही हातात घेतली नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मी म्हटलं, आत्या, आमचं चुकलं. ती म्हणाली, "तुझ्या आईचा हिस्सा कुठाय रे, तिच्या माहेरचा? तिनेपण सोडलाय. तुझ्या मामाकडे गेलास का ही वही घेऊन?"

गेलो नव्हतो. मामाकडे दर नाताळाला जातो. मामी वडे करते, मामा स्वतः वाढतो, माझ्या मुलांच्या हातात पाकीट ठेवतो. मागच्या नाताळातही वही गाडीच्या डिकीत होती. आई शेजारी बसली होती आणि मामाचं घर जवळ आलं तशी खिडकीची काच खाली करून तिची नेहमीची बडबड सुरू झाली: हा आमचा चिंचेचा बांध, इथे विहीर होती, इथून आम्ही पाणी काढायचो.